पावणेसहाचा ठिपका

मंगळवारी सकाळी सव्वादहाला, कपातला चहा अजून ओठांना लागायचा होता, तेव्हा चौदा नंबरच्या रेघेवर तिला तो उंचवटा दिसला. पावणेसहाचा ठिपका वर, सहाचा त्याहून किंचित खाली, सव्वासहाला रेघ पुन्हा जमिनीवर. शर्टाच्या वरच्या खिशात काही ठेवलं की कापडाला येतो तेवढाच फुगवटा. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत हवेतली धूळ नि धूर मोजणारी एकतीस केंद्रं होती, दर पाव तासाला प्रत्येकाचा एक ठिपका तिच्या पडद्यावर पडायचा, आणि त्यांतले ठेवायचे कुठले नि गाळायचे कुठले हे ठरवण्यात तिची अठरा वर्षं गेली होती. उंचवट्यांचं तिला नवल नव्हतं. कुणी पालापाचोळा पेटवतो, कुणाचा ट्रॅक्टर सुरू होता होत नाही. रेघ उडते नि बसते. पण चौदा नंबरचं केंद्र तिच्या वडिलांच्या घराच्या गच्चीवर होतं. पावणेसहाचा उंचवटा वडिलांचा होता. आणि वडील जाऊन सात महिने झाले होते. घराला कुलूप होतं, किल्ली तिच्या कपाटात कपड्यांच्या घडीखाली होती, आणि आई तिच्याच घरात, मागच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून रोज स्वतःशीच वाद घालत होती. तिनं कप खाली ठेवला. कपाखाली कागद तर नाही ना, हेही पाहिलं. इतकी ती शांत होती. मग पाठीच्या मणक्यातून काहीतरी गार, सावकाश, एकेक पायरी मोजत वर चढलं.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ऑफिसात सगळे दशांश म्हणत. आकडा पूर्णांकात लिहायला सांगितलं की त्याला अपमान वाटायचा, म्हणून. त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"काय गं, भूत पाहिल्यासारखी काय बसलीस?"

"काही नाही. चौदा नंबर."

"चौदाला काय धाड भरली? सगळ्यांत शहाणं पोर आहे ते आपलं."

"काही नाही म्हटलं ना."

"मग चहा पी. गार चहा नि गरम साहेब, दोन्ही पोटाला वाईट."

साहेब गरम होण्याचं कारण सोमवारवर येऊन ठेपलं होतं. जिल्ह्याच्या हवेचा सव्वीस वर्षांचा कल सांगणारा अहवाल सोमवारी सह्या होऊन जायचा होता. पहिली सही तिची, आकडे तपासले म्हणून. एका पानावर एकच रेघ होती, सव्वीस वर्षं हळूहळू उतरत आलेली, एखादा म्हातारा कठड्याला धरून जिना उतरतो तशी. "बघा," साहेब रेघेवर पेन टेकवून म्हणाले होते, "जगात काहीतरी सुधारतंय. शेवटच्या वर्षात तर अजून खाली." सभेत सगळे हसले होते. तीही हसली होती. ती रेघ का उतरली हे तिला पाठ होतं. आधी वीटभट्ट्या बंद पडल्या. मग मोठा रस्ता दहा मैल पलीकडून गेला नि ट्रक त्याच्यामागे गेले. मग घरोघर गॅस आला, पण तोवर घरोघर माणसं किती उरली होती? शाळा दोन खोल्यांची एका खोलीत आली, मग एका खोलीलाही कुलूप लागलं. चुली विझल्या, शेतं पडीक राहिली, पडीक शेतात पेटवायला कुणी उरलं नाही. हवा सुधारली, ती ओढून घेणारे कमी झाले, एवढंच. आणि शेवटच्या वर्षात चौदा नंबर आणखी दशांश दोननं उतरलं त्याचं कारणही तिला ठाऊक होतं. ते दशांश दोन म्हणजे बाबा होते.

बाबा जमीन मोजणीच्या खात्यात होते. साखळी नि खुंट्या घेऊन आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधांवरून चालले, आणि निवृत्तीला काही वर्षं असताना कुणीतरी विचारलं, तुमचं घर टेकाडावर आहे, गच्चीवर एक यंत्र ठेवू का? बाबांना मोजायला काहीही चाललं असतं. जमीन झाली होती. हवा राहिली होती. सुरुवातीला यंत्र म्हणजे पत्र्याची पेटी, आत पंखा, त्यावर पांढरा गोल कागद. दर सहा दिवसांनी चिमट्यानं तो कागद काढायचा, पाकिटात घालायचा, शहरातल्या ऑफिसला पाठवायचा; ऑफिसच्या कागदांत बाबा आता 'निरीक्षक' होते. ती तेव्हा शाळेत होती. कागद काढताना ती शेजारी श्वास रोखून उभी राही, कारण बाबांनी तसं सांगितलेलं असे. पांढरा कागद राखाडी होऊन यायचा; कधी सुगीनंतर जवळजवळ काळा. "हे बघ बारके," बाबा कागद उन्हाकडे धरून म्हणत, "हे आपण सगळ्यांनी सहा दिवसांत आत घेतलं, आणि कुणाला चव लागली नाही." गच्चीच्या कठड्यावर त्यांनी नकाशावर लिहितात तशा सरळ, टोकदार अक्षरांत रंगवलं होतं: येथून दहा पावलांत धूर करू नये. दहा पावलं त्यांनी स्वतः मोजून खुणेचा दगडही ठेवला होता. आणि ती दहा वर्षांची असताना, महिनाभर छातीचा खोकला जाईना तेव्हा, तिच्या उशाशी बसून त्यांनी शपथ घेतली होती: आजपासून सिगारेट बंद.

अकरा वर्षांपूर्वी कागद गेले नि पाव तासाला ठिपका पाठवणारं यंत्र आलं. दुसऱ्याच आठवड्यात तिला तो उंचवटा दिसला. आधी वाटलं बंब असेल, कुणाची शेकोटी असेल. रजा काढून ती घरी गेली. पहाटे जाग आली ती चपलांच्या आवाजानं. सतरा पायऱ्या; अकराव्या पायरीवर ते नेहमी थांबत, गुडघ्यासाठी. मग वरून, बंद खिडकीच्या फटीतून, अगदी पुसट वास आला. ती उठून बसली, पलंग करकरला. वरचा वास चटकन थांबला. पुढच्या सोमवारी ऑफिसात तिनं आपल्याच रजेचे दिवस पडद्यावर पाहिले: दोन दिवस नेहमीचे, आणि तिसऱ्या सकाळी उंचवटा अर्धाच. पलंग करकरला ती सकाळ. तिला इतकं हसू आलं की दशांशनं विचारलं, आकड्यांत विनोद कुठला सापडला. सगळ्या गावात धुराला मज्जाव असलेली एकच जागा होती, आणि मज्जाव करणारा मनुष्य रोज पहाटे, बायकोला चुकवून, मुलीला दिलेला शब्द मोडून, नेमका त्याच जागी, यंत्राच्या हवा ओढणाऱ्या नळीवर आकाशाकडे तोंड करून बसलेल्या टोपीखाली उभा राहून सिगारेट ओढत होता. वर वारा असतो, वास राहत नाही, हे त्याचं गणित. यंत्राला नाक असतं हे गणितात धरायचं राहिलं होतं.

नियम साधा होता. प्रत्येक ठिपक्याला एक खूण द्यायची. एक म्हणजे ग्राह्य. चार म्हणजे जवळचाच धूर, कारण लिहून गाळा. नऊ म्हणजे यंत्र बिघडलं, फेकून द्या. बाबांचा ठिपका चारचा होता. तिनं त्याला एक दिला. पहिल्या दिवशी गंमत म्हणून, दुसऱ्या दिवशी काल दिला म्हणून, आणि महिनाभरानं त्याच्याशिवाय तिची सकाळ सुरूच होईना. सव्वादहाला चहा, चौदा नंबर, पावणेसहा. उठले. हिवाळ्यात सहाला, पावसाळी हवेत साडेपाचलाच, रविवारी खुशाल सव्वासहाला. कधी दोन उंचवटे. म्हणजे आईशी काहीतरी वाजलं असणार. तापाच्या दिवसांत नुसती सपाट रेघ, आणि मग ती फोन करी: "बाबा, बरं नाही का?" ते चकित होत. "तुला कोण सांगतं गं?" "वाऱ्यानं सांगितलं." हळूहळू इतर दिवशीचे फोन कमी झाले. कशाला करायचे? ते उठले आहेत, गच्चीवर उभे आहेत, सतरा पायऱ्या चढून गेलेत. फोनवर माणूस बरं आहे असं खोटं सांगतो; रेघ सांगत नाही.

सात महिन्यांपूर्वीच्या त्या गुरुवारी आई मावशीकडे गेली होती, मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. "मला काळा चहा चालतो," असं म्हणून बाबांनी दूधसुद्धा बंद करून टाकलं होतं. सव्वादहाला तिनं चौदा नंबर उघडला. साडेपाच: सात. पावणेसहा: सात. सहा: सहा. सव्वासहा: सात. त्यानंतरही सात-आठच. तिचा हात फोनकडे गेला, हे तिला नक्की आठवतं. बोटांना फोनची गार कड लागली होती. तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं. आणि उठता उठता तिच्या मनानं एक फार सोपी गोष्ट केली. उंचवटा नाही म्हणजे यंत्र बिघडलं. बाबा चुकतील हे तिच्या मनातच आलं नाही. अकरा वर्षांच्या सवयीनं तिनं यंत्रावर संशय घेतला. त्या सकाळच्या सगळ्या ठिपक्यांवर तिनं नऊ टाकला आणि सभेला गेली. दुपारी साडेतीनला यंत्राच्या महिन्याच्या तपासणीला आलेला टेक्निशियन, ज्याला सगळे पक्कड म्हणत, जिना चढायला लागला नि अकराव्या पायरीपाशी ओरडला. वर जातानाच पडले होते; सिगारेट खिशात होती, न पेटवलेली. डॉक्टर म्हणाले, नेमकं कधी ते सांगता येत नाही. पहाटेच गेले असतील, किंवा काही तास असतीलही. दुपारपर्यंतसुद्धा. डॉक्टर चांगले होते, त्यांना वाटलं आपण समजूत घालतोय. काही तास असतीलही. सगळ्या जगात एकाच व्यक्तीला सव्वादहाला कळू शकलं असतं की जिन्यात कुणीतरी पडलंय, आणि तिनं ते पाहिलं, त्याला नऊ नंबर दिला, आणि ती सभेत जाऊन बसली. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं ना. एक खूण दिली, इतकंच.

बुधवारी उंचवटा आला. गुरुवारीही आला. ती सव्वादहाची वाट न बघता पहाटेच उठून फोनवर रेघ उघडू लागली. स्वयंपाकघरात दिवा न लावता ओट्याला टेकून उभी. पावणेसहाचा ठिपका पडला की काळजात चर्र होई आणि त्या चर्र होण्याच्या तळाशी, लाज वाटावी असं, थोडं सुख असे. उठले. पण तिसऱ्या दिवशी शंकेची पाल चुकचुकली. तिन्ही दिवस उंचवटा नेमका पावणेसहाला, नेमका सोळाचा. बाबांचा असायचा सतराचा, कधी वीसचा, कधी बाराचा. हे जे कोण होतं ते अंगानं किंचित लहान होतं, खोकत नव्हतं, थांबत नव्हतं, आणि बाबा इतके वक्तशीर जन्मात कधी नव्हते. आपल्या माणसाचा चेहरा लावून कुणी दाराशी उभं राहावं, सगळं बरोबर असावं, फक्त पापणी लवू नये, तसं तिला झालं. तिनं पक्कडला फोन लावला.

"चौदा नंबर चालू आहे ना हो?"

"चालूच की, मॅडम. आकडे येतायत ना तुमच्याकडे?"

"येतायत."

"मग?" लगेच त्यानं विषय बदलला. "आणि तुम्ही... बऱ्या आहात ना?"

संध्याकाळी आई भाजी निवडत बसली होती. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे.

"कुणाकडे असणार? एक तुझ्याकडे, एक यांच्या खिशात होती, ती पण तुझ्याकडेच. का गं?"

"पहाटे गच्चीवर कुणी जात असेल का, म्हणून."

आईचा हात थांबला. मग पुन्हा चालू लागला. "पहाटे गच्चीवर जाणारा एकच होता. सिगारेट ओढायला."

"तुला माहीत होतं?"

"मला काय नाक नव्हतं? बेचाळीस वर्षं शर्ट कोण धूत होतं, तुझे साहेब? त्यांना वाटायचं मला कळत नाही, म्हणून मजेत होते. म्हटलं असू दे. माणसाला घरात एक तरी गोष्ट चोरून करायला हवी." देठ मोडून तिनं बाजूला टाकला. "तुला कसं माहीत?"

"वारा सांगायचा," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.

शुक्रवारी तिनं रजा टाकली. "अहवाल सोमवारी," साहेबांनी आठवण केली. दशांश म्हणाला, "चौदाला बघायला चाललीस ना? माझा नमस्कार सांग." त्याच्या दृष्टीनं तो विनोद होता. बसमध्ये खिडकीशी बसून ती रेघ आठवत राहिली. हे आकडे खोटे असतील तर सही करता येणार नाही. का खोटे, असं कुणी विचारलं की अकरा वर्षांचा उंचवटा सांगावा लागेल. उंचवटा सांगितला की कुणीतरी, बहुधा दशांशच, तो शेवटचा कधी आला ते बघेल, आणि त्यानंतरच्या पहिल्याच सकाळी तिच्या नावानं टाकलेला नऊ. एक टाका उसवला की बाही हातात येणार. आणि खरे असतील तर? तर काय, हे तिनं पुरतं मनात येऊ दिलं नाही. बाहेर घरं विरळ होत गेली. दोन गावं तिला ओळखूच आली नाहीत; पाटी होती, छपरं होती, पण एकाही छपरातून काही वर जात नव्हतं. संध्याकाळची वेळ, आणि मैलोन्‌मैल एकसुद्धा धुराची काडी नाही. इतकी नितळ हवा की टेकाडावरचं घर तीन वळणं आधीपासून दिसू लागलं, जवळ येत नसल्यासारखं.

कुलूप उघडायला त्रास झाला नाही. आत सगळं जिथल्या तिथं, वर बोटभर धूळ. जिन्याखालचा दिवा लागेना. अंधारात जिना अकराव्या पायरीपर्यंत दिसत होता, त्यापुढे नव्हता. उद्या सकाळी, तिनं मोठ्यानं म्हटलं, आणि आपला आवाज घरानं जरा जास्तच लक्ष देऊन ऐकला असं तिला वाटलं. तिच्या जुन्या पलंगावर ती कपडे न बदलता पडली. पलंग करकरला. तिनं कान दिला. वरून काहीच थांबलं नाही, कारण वर काही सुरूच नव्हतं.

सव्वापाचला ती उठली. चपला घातल्या, जिना चढू लागली. एक, दोन, तीन. अकराव्यावर पाय थबकला, तिचे गुडघे चांगले असूनही. पायरी इतर पायऱ्यांसारखीच होती. तिनं तळहात टेकवून पाहिला. गार, जरा खरखरीत. मग उरलेल्या सहा. गच्चीवर उजाडायला आलं होतं. कठड्यावरची अक्षरं पुसट झाली होती, पण "धूर" अजून ठसठशीत होता. कोपऱ्यात यंत्राची पेटी आणि पेटीतून वर गेलेली नळी, नळीवर टोपी. ती कठड्याला टेकून बसली, शाल घट्ट ओढली, फोन उघडून मांडीवर ठेवला. साडेपाचचा ठिपका पडला: सात. समोर शेतांच्या पट्ट्या हळूहळू एकमेकींपासून सुट्या होत होत्या. वारा नव्हता. कुठे कोंबडा नाही, इंजिन नाही, बादलीचा आवाज नाही. लहानपणीसारखा तिनं श्वास रोखला. गच्चीवर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. दाराची कडी तिनं स्वतः आतून लावली होती. टोपीभोवतीची हवा धुतलेल्या काचेसारखी रिकामी होती. आणि मांडीवर पावणेसहाचा ठिपका पडला. सोळा.

तिनं हात पुढे केला. का, ते तिला सांगता आलं नसतं. टोपीखाली, जिथं उभ्या माणसाचं तोंड येईल तिथं, हवेत तिनं हात धरला. काही लागलं नाही. गारठासुद्धा इतर ठिकाणी होता तेवढाच. "बाबा," ती म्हणाली, अगदी हळू, आणि लगेच तिला कळलं की मघापासून काय चुकतंय. यंत्राचा आवाज नव्हता. त्या पेटीला एक घरघर होती, झोपलेल्या माणसासारखी. सव्वीस वर्षं ती या घराच्या डोक्यावर चालू होती, इतकी की ती ऐकू यायची बंद झाली होती. आता ती खरोखरच बंद होती. तिनं पेटीचं झाकण काढलं. आतला दिवा विझलेला. टोपी फिरवून काढली तर नळीच्या तोंडात कुंभारमाशीनं घर केलं होतं, वाळल्या मातीचं, सुबक, बूच बसवावं तसं. पंप हवा ओढून ओढून जळून गेला होता. गेला पंधरवडा चौदा नंबरचे आकडे थोडेथोडे उतरत होते, आणि तिनं ते हवा सुधारतेय म्हणून ग्राह्य केले होते. झाकणाच्या आत तपासणीचं कार्ड लटकत होतं. पक्कडची शेवटची सही आठ महिन्यांपूर्वीची होती, त्या गुरुवारच्या आधीच्या फेरीची. त्या गुरुवारनंतर तो जिना चढलाच नव्हता; किल्ली मागायला आला नव्हता, आणि तिनंही विचारलं नव्हतं. फोनवर सहाचा ठिपका पडला: पंधरा.

"झोपलायस?" तिनं फोनवर दशांशला विचारलं.

"सकाळी सहाला माणूस काय नाचत असतो? कोण मेलं?"

"चौदा नंबर बंद आहे. पंप जळालाय. तरी आकडे येतायत."

"येणारच," तो जांभई देत म्हणाला. "गेल्या महिन्यात नवी प्रणाली नाही का बसवली? एखादं केंद्र मुकं झालं की ती गाळलेल्या जागा भरते, त्याच केंद्राच्या जुन्या आकड्यांवरून. अमक्या वाजता इथं साधारण काय असतं, ते बघून. भरलेले ठिपके निळे दिसतात."

"मला निळे दिसत नाहीत."

"कसे दिसतील? रंगांनी डोळे दुखतात म्हणून तूच रंग बंद करून ठेवलेस. शिकवायला आले होते तेव्हा तू आईला डॉक्टरकडे घेऊन गेली होतीस." मग त्याचा आवाज बदलला. "तू आत्ता तिथं आहेस? एकटी? उतर खाली बाई. काहीतरी खा."

ती उतरली नाही. ऊन येईपर्यंत बसून राहिली. म्हणजे हे होतं ते. शहरातल्या कुठल्याशा खोलीत एका यंत्राला चौदा नंबरच्या हवेत पावणेसहाला काय असतं हे विचारलं गेलं, आणि अकरा वर्षांच्या सकाळी नि सात महिन्यांच्या सकाळी तराजूत घालून त्यानं सांगितलं: एक माणूस असतो. जरासा लहान, कारण अलीकडे दिसला नाही. तो कधीच गेला नव्हता, कारण गेला म्हणून कुणी कळवलंच नव्हतं. ज्या सकाळी तो गेला ती सकाळ तर तिनंच फेकून दिली होती. आता तो रोज येईल. पंप बदलेपर्यंत, पावणेसहाला, न खोकता. सही केली की तो अहवालात जाईल, आणि कुणाला कधी कळणार नाही. मनात आणलं तर पंप बदलायची घाई करायचंही कारण नव्हतं. हा विचार तिच्या शेजारी येऊन बराच वेळ बसला, आणि तिला त्याची भीती वाटली नाही, याचीच भीती वाटली. तिनं रुमालात मातीचं ते घर अलगद काढून घेतलं, कठड्यावर ठेवलं, आणि खाली आली.

रविवारी दुपारी आई खिडकीशी बसली होती. ती समोर बसली. "आई, त्या दिवशी मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "सव्वादहाला. ते वर गेले नाहीत, हे मला दिसलं होतं. मी यंत्र बिघडलं असं लिहिलं." मग उंचवटा कसा, रेघ कशी, सगळं सांगितलं, ऑफिसातल्या सुरात, कारण दुसरा सूर लावला असता तर पुढचं वाक्य आलं नसतं. आई खिडकीच्या कडीशी खेळत होती. कडी न सोडताच म्हणाली, "साडेअकराला मी फोन केला होता. वाजून वाजून बंद झाला. म्हटलं, असतील गच्चीवर. मावशीला म्हटलं, चोरून ओढत असतील, ओढू देत." तिनं कडी काढली, खिडकी उघडली, पुन्हा लावून घेतली. "मी पण कुणाला सांगितलं नव्हतं." मग आईनं विचारलं, "सोळाचा म्हणालीस? आणि खरे किती असायचे?" "सतरा. कधी वीस." "वीस," आई म्हणाली. "भांडलो असू."

सोमवारी सकाळी तिनं आधी रंग चालू केले. चौदा नंबरची शेवटची रेघ निळी झाली. तिनं ती पुसली. माशीनं नळी बुजवत आणली तो पंधरवडाही काढला. मग अकरा वर्षं उघडली. पहाटेच्या ठिपक्यांना एकेक करून चार द्यायला गेलं तर आठवडा लागला असता, म्हणून तिनं महिन्यांचे गठ्ठे केले. प्रत्येक गठ्ठ्याला पडदा विचारी: कारण? दशांश खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला होता. "काय लिहितेस?" त्यानं विचारलं. "धूर," ती म्हणाली, "निरीक्षकाचा." प्रत्येक गठ्ठ्याबरोबर रेघेवरचा तो खिसा सपाट होत गेला, वर्षांमागून वर्षं. रजेतली ती अर्धी सकाळही गेली. चौदा नंबरची हवा अकरा वर्षं दशांश दोननं स्वच्छ झाली. साहेब दारातून डोकावून म्हणाले, "अहो, सही?" दशांशनं हातानंच त्यांना थांबायला सांगितलं, असं तो कधी करत नसे, आणि साहेब थांबले.

एक सकाळ राहिली होती. गुरुवारची. तिच्यावर नऊ होता, खाली तपासणाऱ्याचं नाव, वेळ दहा वाजून अठरा मिनिटं. दशांशनं ती वेळ वाचली. त्यानं चष्मा काढला नि तो नुसता हातात धरून राहिला. तिनं नऊ खोडून एक टाकला. पडद्यानं विचारलं: कारण? तिनं लिहिलं, यंत्र चालू होते, तपासणाऱ्याची चूक. मग बटण दाबलं, आणि सात महिने नसलेली ती सकाळ आपल्या जागी येऊन बसली. सात, सात, सहा, सात. हवा अगदी स्वच्छ होती.